काळ्यावर लाल

मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं येतं आणि ते इतक्या फिकट अक्षरांत असतं की आपण फोन आधी नाकाशी नेतो, मग हातभर लांब धरतो, मग सावली शोधतो आणि शेवटी शेजारच्याला म्हणतो, "जरा वाचून दाखवता का? माझा चष्मा घरी राहिलाय." वाचकहो, खरं सांगा, असं तुमचं कधी झालं नाही? चष्मा घरी राहिलेला नसतो, नाकावरच असतो. पण अक्षरं दिसत नाहीत हे चारचौघांत कबूल करायला आपण लाजतो, आणि ज्याने ती तशी लिहिली त्याला मात्र कधीच लाज वाटत नाही. ही गोष्ट अशाच एका लिहिणारीची आहे. ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तिला घरात सगळे धाकटी म्हणत. पुढे ऑफिसातही तेच नाव पडलं. झालं असं की एकदा तिच्या भाऊजींनी ऑफिसात फोन लावला आणि सवयीप्रमाणे म्हणाले, "जरा धाकटीला देता का?" ज्याने फोन घेतला त्याने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अरे, आपल्यात धाकटी कोण?" त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

धाकटीचं काम म्हणजे स्क्रीनवर काय कुठे आणि कोणत्या रंगात दिसावं ते ठरवणं. ऑफिस सात जणांचं, आणि त्या ऑफिसाची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की साहेब आधी म्हणत, "पडदे ओढा." खिडक्यांचे जाड पडदे ओढले जात, दिवे बंद होत आणि भिंतीएवढ्या स्क्रीनवर काम झळकू लागे. अंधारात कुठलाही रंग देखणाच दिसतो. गिऱ्हाईक "वा!" म्हणायचं, चहा यायचा, काम मंजूर व्हायचं. उजेडात एकही काम कुणी पाहिलेलं नव्हतं आणि पाहावं असं कुणाला वाटलंही नव्हतं. धाकटीलाही नाही.

शहराबाहेरच्या फळांच्या शीतगृहाचं काम भाऊजींमुळे मिळालं. भाऊजी तिथे सोळा वर्षं खोल्यांवर होते. चोवीस खोल्या, चोवीस दारं, आणि सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. फळं महिनोन् महिने ताजी राहावीत म्हणून तिथे खोली भरली की ती घट्ट बंद करतात आणि आतल्या हवेतला प्राणवायू जवळजवळ सगळा काढून टाकतात. फळं झोपी जातात, पिकायची थांबतात. माणूस मात्र आत डोकावला तर दोन श्वासांत कोसळतो. वास नाही, धूर नाही, साधा ठसकासुद्धा लागत नाही. म्हणून खोली बंद केली की दारावर एक पत्र्याची पाटी अडकवायची पद्धत होती. पांढऱ्या पाटीवर बोटभर जाडीची काळी अक्षरं: 'आत हवा नाही. उघडू नका.' खोली मोकळी झाली की पाटी उतरवायची. पाटी आहे तर दाराला हात लावायचा नाही, इतका सोपा हिशेब होता.

मालकांना पत्रा नको होता. दारोदारी स्क्रीन हवी होती, आतल्या हवेच्या मापाला थेट जोडलेली. विचार चांगला होता, त्यात वाईट काहीच नव्हतं. माणूस पाटी अडकवायला विसरू शकतो, यंत्र विसरत नाही.

धाकटीने पहिल्यांदा पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी जाड अक्षरं केली होती. साहेबांनी नाक मुरडलं.

"हे काय? पत्र्याचीच पाटी काचेत घातल्यासारखी वाटतेय. मालकांनी पैसे कशाला मोजायचे मग? जरा भारदस्त करा. काळं करा."

"काळ्यावर पांढरी अक्षरं घेऊ?"

"पांढरं डोळ्यांत खुपतं. लाल घ्या. आणि तेही भडक नको, गडद. लाल म्हणजे धोका, हे लहान पोरालाही कळतं."

तिने घेतलं. पडदे ओढले गेले, भिंतीवर मखमलीसारखा काळा रंग पसरला आणि त्यात गडद लाल अक्षरं निखाऱ्यासारखी फुलली. मालक "वा!" म्हणाले. ज्या भरलेल्या खोलीत हवा आहे तिथे हिरवी अक्षरं ठरली. मग मालकांनी विचारलं, "आणि रिकाम्या खोल्या?" धाकटी म्हणाली, "त्यांची स्क्रीन बंदच ठेवू, वीजही वाचेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. काम सोपवतानाच्या पत्रात शेवटी एक ओळ धाकटीने स्वतःच्या हाताने घातली: 'जुन्या पाट्या काढून टाकाव्यात, दोन सूचनांमुळे गोंधळ होतो व स्क्रीनची शोभा जाते.' शीतगृह तिने तोवर फक्त फोटोत पाहिलं होतं.

महिन्याभराने एका सुट्टीच्या दिवशी ती ताईकडे जेवायला गेली. भाऊजी बाजारातून टोमॅटो घेऊन आले, आणि नेहमीप्रमाणे त्यांतले निम्मे कच्चे निघाले. ताईने कपाळाला हात लावला. "सोळा वर्षं फळांत काढली या माणसाने, आणि अजून पिकलेला टोमॅटो ओळखता येत नाही!" सगळे हसले, भाऊजी सगळ्यांत मोठ्याने हसले. मग ताटावर बसल्यावर म्हणाले, "धाकटे, तुझ्या त्या स्क्रीन छान आहेत हं. फक्त अक्षरं जरा ठळक करता आली तर बघ. सकाळच्या वेळी काही लागत नाही बघ डोळ्यांना."

"भाऊजी, आता चष्मा घ्या. वय झालं तुमचं."

"बरं बाई, घेतो," भाऊजी म्हणाले, आणि कोशिंबिरीचं भांडं त्यांनी तिच्यापुढे सरकवलं.

एवढंच बोलणं झालं. पुढे धाकटीने हे बोलणं मनात किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी भाऊजींनी घराचं गळकं छप्पर दुरुस्त करायला दोन दिवसांची रजा घेतली. ते रजेवर गेले तेव्हा नऊ नंबरची खोली रिकामी होती. रजेत असताना किल्ल्या दुसऱ्याकडे होत्या; तेव्हा ती भरली, बंद झाली आणि तिच्यातला प्राणवायू काढला गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर आले. दुपारी नवा माल यायचा होता, तेव्हा रिकाम्या खोल्या झाडून घ्या असा निरोप होता. सव्वानऊ वाजले होते. माल चढवायचं मोठं फाटक उघडं होतं आणि त्यातून सकाळचं ऊन सरळ दारांच्या रांगेवर पडत होतं. भाऊजी एकेका दारापुढून चालत निघाले. चार नंबरची स्क्रीन बंद, खोली रिकामी. सात नंबरची बंद, तीही रिकामी. नऊ नंबरचीही त्यांना बंदच दिसली. दोन दिवसांपूर्वी होती तशीच काळी, विझलेली. त्यांनी कुलूप काढलं, दारातली माणूस वाकून जाईल एवढी झडप उघडली आणि फरशी किती घाण आहे ते पाहायला आत वाकले.

पाव तासाने वजनकाट्यावरचा माणूस त्यांना शोधत आला. झडपेतून बाहेर राहिलेले पाय त्याला दिसले. तो धावत पुढे झाला, आत डोकं घालणार एवढ्यात मागून कुणीतरी त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं आणि ओरडलं, "श्वास घेऊ नकोस! तूही जाशील!" तो शीतगृहाचा म्हातारा रंगारी होता. दोघांनी तोंड बाहेर वळवून, श्वास रोखून भाऊजींना पाय धरून ओढून काढलं. उशीर झाला होता.

आणि नऊ नंबरची स्क्रीन त्या वेळी बंद नव्हती. ती चालू होती. काळ्यावर लाल अक्षरांत ती सांगतच होती: 'आत हवा नाही. उघडू नका.'

आठवड्याने साहेबांनी धाकटीला खोलीत बोलावलं. पाणी दिलं, खुर्ची दिली, दुःखही व्यक्त केलं. मग टाइप केलेला एक कागद तिच्यापुढे ठेवला.

"सोमवारी चौकशी आहे. सरकारी निरीक्षक येतायत. स्क्रीन चालू होती, यंत्राच्या नोंदीत तसं स्पष्ट आहे. तुम्ही फक्त इतकंच लिहून द्यायचं की अक्षरं मोठी होती आणि रंग लाल होता."

धाकटीने कागद वाचला. खाली एक वाक्य होतं: 'स्पष्ट सूचना असूनही कामगाराने तिच्याकडे दुर्लक्ष केले.'

"साहेब, ते माझे भाऊजी होते."

"म्हणून तर सांगतोय. गेलेला माणूस परत येत नाही. पण आपलं नाव एकदा खराब झालं की सात घरांच्या चुली विझतील. शिवाय तो म्हातारा रंगारी. त्याने कुणाला न विचारता जुन्या पाट्या पुन्हा अडकवल्यात. चौकशी आटपली की त्या उतरतील, आपल्या स्क्रीन राहतील. विषय संपला."

कागद पर्समध्ये घालून धाकटी ताईकडे गेली. ताई खिडकीपाशी बसली होती. समोर भाऊजींच्या धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि ती एकेका शर्टाची घडी घालून मोडत होती. कागद वाचून तिने तो घडीसारखाच बाजूला ठेवला.

"दुर्लक्ष केलं म्हणे," ती म्हणाली. "अगं, गॅस बंद केलाय का ते बघायला हा माणूस अर्ध्या रस्त्यातून परत यायचा."

"मग स्क्रीन चालू असताना ते आत वाकले कसे, ताई? मला काही कळतच नाही."

ताईने हातातला शर्ट खाली ठेवला. मग तिने उठून आतलं दार लोटून घेतलं.

"तुला एक सांगते. सोळा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांना लाल दिसायचं नाही, धाकटे. जन्मापासून. लाल ह्यांना काळपट दिसायचं. ते टोमॅटो काय उगाच कच्चे यायचे? आपण हसायचो, आणि हेही हसायचे, कारण हसण्यावारी गेलं की कुणी पुढे विचारत नाही."

"पण मग कामावर?"

"कामावर कळलं असतं तर काढून टाकलं असतं, ही भीती. पाटी होती तोवर काही अडलं नाही. पाटी पांढरी, अक्षरं काळी. पाटी असली तर असली, नसली तर नसली." ताईचा आवाज चिरकला. "तुझ्या स्क्रीन लागल्या त्या दिवशी घरी आले ते गप्पच होते. म्हणाले, हिरवं वाचता येतं मला, बाकीचं चालवून घेईन."

काळ्या स्क्रीनवर काळी अक्षरं! भाऊजींना तेच दिसत होतं. आणि काळी, विझलेली स्क्रीन म्हणजे रिकामी खोली, हे त्या शीतगृहाला धाकटीनेच शिकवलं होतं.  तिने ताईचा हात धरायला हात पुढे केला, पण धरायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आयुष्यात पहिल्यांदा शीतगृहात गेली. रंगारीकाका आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पाटी खरवडत बसले होते. हाताची नखं रंगांनी कायमची काळीनिळी झालेली, पाठ वाकलेली. तिने आपण कोण ते सांगितलं. त्यांनी खरवडणं थांबवलं नाही.

"म्हणजे ते रंग तुझे."

"हो."

"इथे येऊन पाहिलं होतंस?"

"नाही."

"फोनवर काळापांढरा फोटो निघतो ना? जा, नऊ नंबरचा काढून आण."

सव्वानऊच होत आले होते. फाटकातून ऊन आत आलं होतं. धाकटी नऊ नंबरसमोर, काकांच्या पाटीशेजारच्या स्क्रीनपुढे उभी राहिली. फळं आतच होती, झडप बंद करून हवा पुन्हा काढलेली होती. स्क्रीन चालू होती. अक्षरं कुठेतरी होती, पण काचेत आधी तिला तिचाच चेहरा दिसला, मागचं उजळलेलं फाटक दिसलं, बाहेर उभा असलेला ट्रक दिसला. तिने रंग काढून फोटो घेतला. फोटोत एक काळा चौकोन आला. अक्षरांचा मागमूस नव्हता.

फोटो घेऊन ती शेडमध्ये परतली. काका म्हणाले, "मी पाटी रंगवताना आधी कोळशाने कागदावर काढतो. नुसतं काळं आणि पांढरं. तिथे वाचता आलं तरच पुढे जायचं. रंग मागाहून. रंगाने पाटी सजते गं, पण वाचली जाते ती उजेड-अंधाराच्या फरकावर. तो फरकच नसेल तर तू वर सोनं ओत, काही उपयोग नाही."

"लाल म्हणजे धोका, असं सगळेच धरून चालतात, काका."

"सगळे म्हणजे कोण? शंभर पुरुष उभे कर. त्यांतल्या चार-पाच जणांना तरी लाल-हिरव्याचा घोळ असतो. पंचेचाळीस वर्षं पाट्या रंगवतोय, मला माहीत आहे. ते सांगत नाहीत, कारण सांगितलं की आपण त्यांनाच हसतो. शिवाय म्हातारे, मोतीबिंदूवाले, घामाने चष्मा भरलेले, घाईत असलेले. हे सगळे पाटी वाचतात. चांगल्या डोळ्याचा, सावलीत बसलेला, निवांत माणूस पाटी वाचायला येत नाही. तो पाटी मंजूर करायला येतो!"

 काका थोडे मऊ झाले.

"माझी पाटी तयार झाली की मी ती फाटकाशी उभी करायचो आणि इथला जुना पहारेकरी होता ना, डोळ्यांत फूल पडलेला, त्याला बोलवायचो. तो म्हणायचा, वाचली. मग अडकवायची. तो नाही म्हणाला तर पुन्हा रंगवायची. पाच-पाच वेळा रंगवलीय एकेक पाटी. राग यायचा मला त्याचा. पण चूक पाटीची असायची, त्याच्या डोळ्यांची नाही."

"भाऊजी मला म्हणाले होते, काका. ठळक कर म्हणाले होते. मी त्यांना चष्मा घ्या म्हटलं."

रंगारीकाकांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तिला वाटलं ते धीर देतील. त्यांनी दिला नाही. "मग आता तू काय करणार आहेस, ते सांग," एवढंच ते म्हणाले.

सोमवारी शीतगृहाच्या कचेरीत चौकशी बसली. टेबलाच्या एका बाजूला निरीक्षक, निवृत्तीला आलेले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे गृहस्थ. दुसऱ्या बाजूला मालक आणि साहेब. भिंतीशी एका खुर्चीवर ताई. साहेबांनी लॅपटॉप उघडून स्क्रीनचं चित्र दाखवलं. खोली सावलीतली होती. अक्षरं अगदी लख्ख दिसत होती.

निरीक्षक मान डोलावत म्हणाले, "हे तर स्पष्ट आहे. आणि यंत्राच्या नोंदीप्रमाणे सूचना चालू होती. दुर्दैव आहे, पण दुर्लक्ष झालेलं दिसतं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आराखडा तुमचाच ना? इथे सही करा."

धाकटीने ताईकडे पाहिलं. ते गुपित बोलायचं की नाही, हे सकाळपासून तिला ठरवता येत नव्हतं. बोललं तर भाऊजींनी सोळा वर्षं जपलेलं उघडं पडणार होतं. ताईने डोळे मिटून मान हलवली. "सांग," ती म्हणाली. "लपवूनच ते गेले. आता लपवायचं नाही."

"साहेब, माझे भाऊजी निष्काळजी नव्हते," धाकटी निरीक्षकांना म्हणाली. "त्यांना लाल रंग दिसत नव्हता. काळ्यावर लाल लिहिलेलं त्यांना कोरं काळं दिसायचं. आणि इथे कोरी काळी स्क्रीन म्हणजे रिकामी खोली."

तिचे साहेब ताडकन पुढे वाकले. "म्हणजे दोष त्यांच्या डोळ्यांचा! आणि तो त्यांनी लपवला! मग आमचा काय संबंध?"

मालकांनी सुस्कारा सोडला. निरीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. ताईने हातरुमाल तोंडाशी धरला होता, तो तिने मुठीत चुरगळला. एका क्षणात सगळं पुन्हा मेलेल्या माणसाच्या माथी येऊन बसलं होतं!

धाकटी उठून उभी राहिली.

"किती वाजले?"

"नऊ वाजून दहा मिनिटं," निरीक्षक म्हणाले. "का?"

"सगळे जण माझ्याबरोबर नऊ नंबरच्या दारापाशी चला," ती म्हणाली आणि आपल्या साहेबांकडे वळली. " तुमच्या डोळ्यांत तर काही दोष नाही ना, साहेब? मग तुम्हीच वाचा."

दारावर रंगारीकाकांची पाटी अडकवलेली होती. धाकटीने ती उतरवून उलटी करून भिंतीला टेकवली. ऊन दारांवर पसरलं होतं. साहेब भाऊजींच्या जागी उभे राहिले. त्यांनी डोळे बारीक केले. एक पाऊल पुढे गेले, मग दोन मागे. मान डावीकडे कलती केली. काचेत त्यांना त्यांचा स्वतःचा कोट दिसत होता, टाय दिसत होता.

"चालू आहे का ही?" त्यांनी विचारलं.

 मालकांनी पाहिलं आणि न बोलता बाजूला झाले. निरीक्षक अगदी जवळ गेले. त्यांनी दोन्ही हातांचा आडोसा केला, काचेला नाक लावलं आणि लहान मुलासारखं एकेक अक्षर लावत वाचलं, "आत... हवा... नाही." मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अहो, मला इथे काहीतरी लिहिलंय हे ठाऊक होतं, म्हणून मी शोधलं!" ते म्हणाले. "ज्याला ठाऊक नाही त्याने काय करायचं? अशी किती दारं आहेत?"

"चोवीस," रंगारीकाका म्हणाले. ते मागे येऊन उभे होते हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"रंग मी निवडले," धाकटी म्हणाली.  "रिकाम्या खोलीची स्क्रीन बंद ठेवा, हे मी सुचवलं. जुन्या पाट्या काढा, हे पत्रात मी लिहिलं. भाऊजींनी मला सांगितलंही होतं की वाचता येत नाही. मी त्यांची थट्टा केली. हे सगळं लिहून घ्या. मी त्याखाली सही करते."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?" साहेब दातओठ खात म्हणाले. "उद्यापासून येऊ नका!"

"नाही येणार," धाकटी म्हणाली.

निरीक्षकांनी तिथेच, एका पेटाऱ्यावर कागद ठेवून, आधीचं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. ताई पुढे आली. "मला वाचून दाखवा," ती म्हणाली. त्यांनी वाचलं: "कामगाराचा दोष आढळत नाही. सूचना वाचता येण्याजोगी नव्हती. सर्व दारांवरील स्क्रीन तातडीने बदलाव्यात, तोवर पत्र्याच्या पाट्या कायम ठेवाव्यात." ताईने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

फाटकाबाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मी सोडते तुला घरी."

ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता.

"खरं बोललीस, बरं केलंस. त्यांचं नाव राहिलं. पण आज येऊ नकोस. मला जमेल तेव्हा मी बोलवीन."

ताईचं बोलावणं यायला पाच महिने लागले. तोवर धाकटीला दुसऱ्या एका लहान ऑफिसात काम मिळालं होतं. तिथे ती आता काय करते, तर एखादी स्क्रीन तयार झाली की आधी तिच्यातले सगळे रंग काढून टाकते. वाचता आली तरच पुढे जाते. नुसत्या रंगावर काही सोडत नाही, धोका असेल तिथे मोठी खूण आणि शब्द दोन्ही घालते. फिकटावर फिकट नाही, गडदावर गडद नाही. मग ती स्क्रीन उचलून जिथे लागणार तिथे जाते, भर उन्हात धरते आणि तिथल्या सगळ्यांत अधू डोळ्यांच्या माणसाला शोधून विचारते, "वाचता येतंय का?" माणूस "नाही" म्हणाला की ती त्याचे आभार मानून परत फिरते. लोक तिला चक्रम म्हणतात. म्हणोत बापडे.

वाचकहो, आपण सगळेच आता काही ना काही लिहितो. सोसायटीची सूचना, शाळेचा निरोप, दुकानाचा दरफलक, दवाखान्याची वेळ. रंग निवडताना आपल्याला काय शोभून दिसतं ते आपण पाहतो. पण अक्षर हे शोभेसाठी नसतं, ते दुसऱ्याला कळावं म्हणून असतं, आणि तो दुसरा आपल्याहून म्हातारा, थकलेला, अधू किंवा उन्हात उभा असू शकतो. वाचता येत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला चष्मा घ्यायला सांगू नका. अक्षरं बदला. तो माणूस स्वतः एकट्यासाठी बोलत नसतो, आणि दुसऱ्यांदा सांगायला तो असेलच असं नाही.